जेनोआचा ठेचा

इटलीतील जेनोआ या बंदराच्या एका चटणीवर आम्ही बोलणार, असे व्याख्यानमालेच्या पत्रिकेत छापून आले, तेव्हा आमच्या काही मित्रांना तो छापखान्याचा दोष वाटला. हमालांच्या आणि कारखान्यांतील कामगारांच्या प्रश्नांवर आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाने एकदम वाटणघाटणावर बोलावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. म्हणून आधी कारण सांगतो.

जहाजावर नोकरीस असलेला आमचा पुतण्या दोन वर्षांपूर्वी जेनोआस जाऊन आला. येताना त्याने एका हिरव्या चटणीची बरणी आणली. आपल्याकडे शहरांतील उपाहारगृहांतून इंग्रजीच्या वळणाने जिला पेस्टो म्हणतात, तीच ही. तिकडचा उच्चार पेस्तो असा आहे. बरणीवरची बारीक अक्षरे वाचण्याची आम्हांस खोड आहे. करार वाचता वाचता ती लागली. त्या यादीत सूर्यफुलाचे तेल होते, बेसिल नावाची पाने होती, चीज होते, मीठ होते आणि काजू होता. काजूपाशी आम्ही थबकलो. कोकणातल्या काजूच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची संघटना बांधण्यात आमची काही वर्षे गेली आहेत. तो काजू या चटणीत केव्हा आणि कशासाठी गेला? तो येण्यापूर्वी त्या जागी काय होते? एवढ्या साध्या शंकेपासून आमचे वाचन सुरू झाले आणि ते बरेच लांबले.

प्रथम नाव पाहू. इटालियन भाषेत ‘पेस्तारे’ म्हणजे कुटणे, ठेचणे. जे कुटले ते पेस्तो. म्हणजे शब्दशः आपला ठेचाच. पदार्थाला त्यातील जिन्नसावरून नाव न मिळता हाताच्या क्रियेवरून मिळावे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. जिन्नस बदलले तरी नाव टिकते, कारण नाव श्रमाचे आहे. पुढे जे सांगणार आहोत त्याची किल्ली येथेच आहे.

आता ते गाव कसे आहे हे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. जेनोआ ज्या प्रांतात आहे त्याचे नाव लिगुरिया. समुद्राला लागूनच डोंगर उभे आहेत आणि मध्ये चंद्रकोरीसारखी चिंचोळी पट्टी. आपल्या कोकणाची आठवण व्हावी अशीच ती रचना आहे. डोंगराच्या अंगाला दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली, त्यांत ऑलिव्ह आणि द्राक्षे. गव्हाला सपाट जमीन नाही, मोठी गुरे पोसायला कुरण नाही. वरच्या रानात चेस्टनटची झाडे. डोंगरी माणसे ते फळ वाळवून, दळून त्याच्या पिठावर दिवस काढीत. तेव्हा गहू जहाजाने येई, चीजही बरेचसे बाहेरून येई. सार्डिनिया बेटावरच्या मेंढ्यांच्या दुधाचे चीज तर जेनोआच्या स्वयंपाकात कायमचे बसले. घरचे काय, तर ऑलिव्हचे तेल, लसूण, आणि खिडकीतल्या कुंडीत लावलेला बेसिलचा पाला. हा पाला आपल्या तुळशीच्या कुळातला आहे. नुसता कुळातलाच नव्हे. आपल्याकडे ज्याचे बी उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतात, तो सब्जा आणि हा बेसिल शास्त्रीय दृष्टीने एकाच जातीचे आहेत. वाण तेवढा निराळा.

जे जहाजाने येई ते उतरवणारे हात कोणाचे? जेनोआच्या बोलीत गोदीतल्या ओझेवाल्याला ‘कामाल्लो’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘हम्माल’ यावरून आला, आणि आपला ‘हमाल’ही तेथूनच आला. ज्या शब्दाला १९६९ साली महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याच्या नावात जागा मिळाली, तोच शब्द भूमध्य समुद्राकाठी वेश बदलून शेकडो वर्षे नांदत आहे हे वाचून आम्हांस जो आनंद झाला, तो श्रोत्यांनी माफ करावा. त्या ओझेवाल्यांची ‘कारावाना’ नावाची एक जुनी मंडळी होती. तिची नियमावली १३४० सालची आहे आणि आजारी पडलेल्या सोबत्याला सामायिक निधीतून मदत द्यावी हा विचार तीत आहे. याच बंदरात डिसेंबर १९०० मध्ये सरकारी अधिकाऱ्याने कामगारांचे मंडळ बरखास्त केले, तेव्हा गोदी बंद पडली, तिच्यामागोमाग शहर बंद पडले. हुकूम मागे घ्यावा लागला आणि फेब्रुवारी १९०१ मध्ये साराक्को यांचे मंत्रिमंडळच कोसळले. पण या विषयावर आम्ही सुरू झालो तर चटणी राहून जाईल.

चटणी मात्र त्या बंदराइतकी जुनी नाही, निदान आजच्या रूपात नाही. लसूण, मीठ, चीज, पाला आणि तेल एकत्र कुटण्याची रीत प्राचीन आहे. ‘मोरेतुम्’ नावाचे एक लहानसे लॅटिन काव्य आहे. पूर्वी ते व्हर्जिलच्या नावावर मोडत असे, आता ते त्याचे असल्याबद्दल पंडितांना शंका आहे. त्यात एक गरीब शेतकरी हिवाळ्याच्या पहाटे उठतो, जात्यावर दळतो, दळताना गावठी गाणी म्हणतो आणि मग खलात लसूण, चीज व हिरवा पाला कुटून भाकरीबरोबर खायला गोळा करतो. जात्यावर बसलेला आणि ओवी म्हणणारा पुरुष! आमच्या आजीला हे सांगता आले असते तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. त्या गोळ्यात बी नाही, कोणताही सुकामेवा नाही. मध्ययुगात जेनोआत लसणीचे एक पातळ वाटण होते, त्यातही जोर लसणीचाच.

पेस्तोची कृती आज आपण ओळखू अशा रूपात छापून आली ती १८६३ साली, जिओव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या जेनोआच्या पाकशास्त्रावरील पुस्तकात. हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. जेनोआचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले, १८१५ मध्ये शहर सार्डिनियाच्या राज्याला जोडले गेले, आणि १८६१ मध्ये इटली एक झाली. राज्य गेले, झेंडा गेला, आणि दोनच वर्षांनी गावाने आपला स्वयंपाक कागदावर उतरवला. गावाची ओळख दरबारातून निघून चुलीपाशी येऊन बसली, असा आम्ही याचा अर्थ लावतो. दुसरे कोणी निराळा लावतील.

त्या कृतीत काय आहे? लसूण आहे, बेसिल आहे. पण बेसिल नसेल तर मरवा आणि पार्सली घ्यावी अशी मोकळीक आहे. चीज दोन तऱ्हेचे आहे, एक पार्मेझान आणि दुसरे चक्क हॉलंडचे! पिनोली, म्हणजे पाइनच्या शंकूतले बी आहे. कुटताना थोडे लोणी आणि शेवटी भरपूर तेल. आज हॉलंडच्या चीजचे आणि लोण्याचे नाव काढले तर जेनोआतला अभिमानी माणूस भुवया चढवील. परंतु बंदराच्या गावाला हॉलंडचे चीज परके नव्हते. टणक चीज बोटीवर टिकते आणि बोटीबरोबर येते. तेव्हा ज्याला आज अस्सल म्हणतात, त्याच्या पहिल्या छापील पुराव्यातच परदेशी माल आहे. जे धक्क्यावर उतरले आणि ज्याला परवडले ते खलात पडले.

खलाकडे येऊ. तो संगमरवरी असतो, लिगुरियाच्या शेजारच्या काराराच्या खाणीतला. त्याला बाहेरून चार कान असतात. बत्ता लाकडी. एका हाताने बत्ता फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने कान धरून खल उलट दिशेला वळवायचा. २००७ पासून जेनोआच्या जुन्या राजवाड्यात दर दोन वर्षांनी खलबत्त्यावर पेस्तो करण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिथले प्रमाण असे: बेसिलची पाने ६० ते ७० ग्रॅम, पिनोली ३० ग्रॅम, पार्मेझान ४५ ते ६० ग्रॅम, सार्डिनियाचे चीज २० ते ४० ग्रॅम, लसणीची एक किंवा दोन पाकळ्या, जाडे मीठ १० ग्रॅम आणि तेल ६० ते ८० मिलिलिटर. एवढ्यात सुमारे ६०० ग्रॅम पास्ता कालवता येतो.

आम्ही हे घरी करून पाहिले. सौ.ने आधीच बजावले होते की खलबत्ता काढणार असाल तर तुम्हीच कुटा. पहिल्या खेपेस आम्ही लबाडी केली आणि सगळे मिक्सरमध्ये फिरवले. दहा मिनिटांत चटणीचा रंग शेवाळासारखा झाला. पान कापले गेले की त्यातील रस आणि हवा एकत्र येऊन ते काळवंडते, चिरलेले वांगे काळे पडते तसेच. आणि पात्याच्या घर्षणाने जी ऊब येते तिने हे काम अधिकच झपाट्याने होते. दुसऱ्या खेपेस एका वैद्यमित्राकडून औषधाचा जुना दगडी खल मागून आणला. आधी लसूण आणि मिठाचे खडे. लसणीच्या पोटातला हिरवा कोंब काढून टाकायचा. त्याची पेस्ट झाली की बी. बी कुटताना त्याचे तेल सुटते आणि दुधासारखी साय धरते. पुढे घातलेले तेल वेगळे न होता तिच्यात मिळते. मग थोडी थोडी पाने. येथे आपटून उपयोग नाही. बत्ता खलाच्या कडेने घोटत न्यायचा, म्हणजे मिठाचे खडे पानाला फाडतात. पाने धुतल्यावर पूर्ण कोरडी करावी लागतात, नाहीतर चटणी पाणचट होते. शेवटी किसलेले चीज आणि सावकाश तेल. आमचे मनगट पंचविसाव्या मिनिटाला बोलू लागले. आमची पाने सब्जाची होती, तिचा वास अधिक उग्र. रंग मात्र शेवटपर्यंत हिरवा राहिला. जेनोआत याच चटणीत पास्त्याबरोबर बटाट्याच्या फोडी आणि कोवळ्या फरसबीच्या शेंगा एकाच पाण्यात उकडून घालतात, आणि ते उकडलेले पाणीच चमचाभर घेऊन चटणी सैल करतात. महाग जिन्नस थोडा आणि पोट भरणारा जिन्नस जास्त, ही युक्ती कोणत्याही देशातल्या घरधनिणीला समजावून सांगावी लागत नाही.

यात महाग जिन्नस कोणता? बी. पिनोली ज्या झाडाची, ते छत्रीसारखे पसरलेले पाइनचे झाड. हिमालयात किन्नौरकडे होणारा चिलगोजा हा त्याचा चुलतभाऊ. शंकू पिकायला तीन वर्षे लागतात. मग तो उतरवायचा, उकलायचा, एकेक बी काढायचे, त्याचे कठीण कवच फोडायचे. त्यात भर अशी की उत्तर अमेरिकेतून आलेला एक ढेकणाच्या कुळातला किडा १९९९ मध्ये इटलीत आढळला; तो शंकूतले बी शोषून घेतो, आणि तेव्हापासून तेथील पिनोलीचे उत्पन्न फार घटले, भाव चढले. ज्यांना परवडत नाही ते अक्रोड घालतात, आणि हे काही आजचे नाही. लिगुरियाच्या डोंगराळ भागात अक्रोडाची स्वतंत्र चटणीच आहे. अक्रोड गरम पाण्यात घालून त्यांचे कडवट साल काढायचे, दुधात भिजवलेला पाव, लसूण, मरवा आणि तेल घालून कुटायचे. काही घरी त्यात तेथले आंबटसर विरजलेले चीज घालतात. आपल्याकडचा दह्याचा चक्का त्या जागी छान बसतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. पाल्याभाजीने भरलेल्या करंजीसारख्या पास्त्यावर ही चटणी घालतात. काही केल्या ती आम्हांस पेस्तोपेक्षा अधिक रुचली, पण तिला जगात नाव नाही.

नाव पेस्तोला मिळाले ते माणसे देशोधडीला लागल्यामुळे. एकोणिसाव्या शतकात जेनोआकडची असंख्य माणसे दक्षिण अमेरिकेत गेली. ब्वेनोस आयरेसच्या गोदीजवळची ला बोका ही वस्ती त्यांचीच. पेरूमध्ये गेलेल्यांनी बेसिलला पालकाची जोड दिली, मेंढीच्या चीजऐवजी तेथले ताजे चीज घेतले, आणि ‘हिरव्या शेवया’ हा आता पेरूच्या घराघरातला पदार्थ झाला आहे. शेजारच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर याच शब्दाचे भावंड ‘पिस्तू’ आहे. त्यात बी मुळीच नाही. बदलण्याला कोणाची हरकत नव्हती, कारण बदलणारी कुटणारी माणसेच होती.

पुढे बदलणारा कारखाना आला. पेस्तो बरणीत भरून विकायची म्हणजे ती महिनोन्‌महिने टिकली पाहिजे, तिची किंमत उतरली पाहिजे. ऑलिव्हच्या तेलाची जागा सगळी किंवा बरीचशी सूर्यफुलाच्या तेलाने घेतली, पिनोलीची जागा काजूने. काजू मऊ असतो, गोडसर असतो, वाटला की दाट होतो, आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाही. शिवाय वाटायचेच आहे म्हटल्यावर अख्खा गर कशाला? काजूच्या व्यापारात अख्ख्या गराची प्रत एका पौंडात किती गर मावतात त्यावरून ठरते. ३२० ही त्यातली ओळखीची प्रत. फुटला की तोच गर पाकळी, तुकडा, कणी होत होत भावात खाली येतो. अस्सलपणाचे कडक नियम लिहिले गेले ते यानंतर. २००५ साली युरोपीय संघाने जेनोआच्या बेसिलला मूळस्थानाचे संरक्षण दिले. संरक्षण पाल्याला मिळाले, चटणीला नाही. म्हणून ‘जेनोआची पेस्तो’ असे लिहिलेल्या बरणीत काजू असू शकतो आणि कायदा मोडत नाही. उत्तम बेसिल पिकवणारे प्रा हे जेनोआच्या पश्चिमेचे उपनगर. तेथे काचेच्या घरांत वाफ्यांवर फळ्या टाकून, त्यांवर वाकून मजूर कोवळी रोपे मुळासकट हाताने उपटतात. या प्राची समुद्रकाठची वाळू भराव घालून पुरली गेली आणि तेथे १९९० नंतरच्या दशकात कंटेनरचे बंदर चालू झाले. कंटेनर आला आणि जगभरच्या गोद्यांतून पाठीवर पोते वाहणारा हमाल निघून गेला. जेनोआतही तेच झाले.

आणि काजू? तो आपलाही मूळचा नव्हे. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि तेथून तो कोकणच्या कातळावर पसरला. आज वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. कारखाने मात्र आफ्रिकेतून आलेली बीही फोडतात, आणि तयार गराच्या निर्यातीत व्हिएतनाम आपल्या पुढे आहे. आमच्या बरणीतला काजू कोणत्या देशाचा हे तीवर लिहिलेले नव्हते. परंतु कोणत्याही देशाचा असला तरी बी फोडावे लागतेच. टरफलात एक चिकट, दाहक तेल असते. कातडीला लागले की फोड येतात, साल निघते, बोटे काळी पडतात. बायका हाताला राख किंवा गोडे तेल चोळून बसतात. आता वाफेवर बी शिजवून हातापायाने चालणाऱ्या कटरवर फोडतात, त्याने त्रास पुष्कळ कमी झाला; तरी गर टोकरून काढणे आणि त्यावरचे तांबूस साल सोलणे हे बहुतेक ठिकाणी बायकांच्याच बोटांकडे आहे, आणि मजुरी किलोवर.

एका कारखान्यात आमची मागणी हातमोज्यांची होती. मालकाचे म्हणणे, मोजे दिले तर बायका घालत नाहीत. हे खोटे नव्हते. मोजे घातले की हात मंद चालतो आणि किलो भरत नाही. म्हणजे प्रश्न मोज्यांचा नसून दराचा होता, आणि हे समजायला आम्हांस एक अख्खा हंगाम लागला. त्याच वस्तीत दुसरी अडचण निघाली. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवायचा, तर काही जणींच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्र म्हणे, माणूस जुळत नाही. चार चार खेपा घालून, अखेर घरातल्या शाळकरी मुलाच्या अंगठ्यावर धान्य मिळवावे लागे.

गेल्या हंगामात त्या बायकांच्या बैठकीला जाताना आम्ही घरी केलेल्या चटणीचा डबा बरोबर नेला. या खेपेस बी काजूच्या कणीचे होते. चटणी कोणत्या गावची, तेथे पूर्वी ती कशी कुटत, आता बरणीत कशी मिळते, हे आम्ही आमच्या सवयीप्रमाणे जरा लांबवूनच सांगितले. जुना खल, आजीकडून नातीकडे आलेला बत्ता, हे सांगताना आमचा सूर थोडा हळवा झाला असावा. भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेऊन सगळ्या जणी मुकाट्याने खात होत्या. लसूण सगळ्यांना आवडली. चीजचा वास एकदोघींना सोसला नाही. त्यांतल्या वयाने मोठ्या बाईने बोट चाटले आणि विचारले, “भाऊ, थंयच्या बायकांका आता ह्यां कुटूचां लागणा नाय?”

आम्ही म्हणालो, रोज नाही. कामाला जातात, बरणी आणतात. हौस असली तर सुटीच्या दिवशी खल काढतात.

“मगे बरां झालां,” ती म्हणाली, आणि उरलेली चटणी घरच्यांसाठी झाकून ठेवली.